उभ्या झाडांचं नुकसान

२१ ऑक्टोबर

प्रति,
प्रमुख, वादळग्रस्त मदत कक्ष

महोदय,

गुरुवार, १७ ऑक्टोबर रोजी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी तुमच्या पाहणी अधिकाऱ्यांनी माझ्या धाकट्या भावाच्या लिंबाच्या बागेच्या फाटकात उभं राहून, बुटाला चिखल लागू न देता, "नुकसान नाही" असा शेरा मारला. वेळ नक्की आहे. वादळाने त्या घरातलं बरंच काही नेलं, पण भिंतीवरचं घड्याळ ठेवलं आणि ते चालतं.

त्या वेळी बागेत काय दिसत होतं ते सांगते आणि त्याआधी काय झालं होतं तेही सांगते. या दोन गोष्टी वेगळ्या असतात, हे तुमच्या कक्षाला कोणी सांगितलेलं दिसत नाही.

दिसत होतं ते असं: झाडं ओळीने उभी, खोडांना ताजा चुना, अंगण लख्ख झाडलेलं, ओट्यावर पाहुण्यासाठी चहा. झालं होतं ते असं: नऊ तारखेच्या चक्रीवादळाने निम्मी बाग मुळासकट आडवी केली आणि विहिरीवरचा पंप ओढ्याने उचलून नेला तो अजून कोणाला दिसलेला नाही.

लिंबाचं पडलेलं झाड लगेच उभं केलं तर जगू शकतं. उघड्या मुळांना ऊन लागलं की संपलं. त्यामुळे वारा थांबल्यावर माझा भाऊ घराच्या उडालेल्या पत्र्यांमागे धावला नाही. तो, माझी भावजय आणि दोन मजूर सरळ बागेत गेले. मुळांवर ओली गोणपाटं टाकली, फांद्या निम्म्या छाटल्या, खोडाला गोणपाट गुंडाळून वर दोर बांधला आणि कप्पीवरून एकेक झाड ओढून उभं केलं. मग माती दाबली, तीन बाजूंनी खुंट्या ठोकून दोराचे ताण दिले. हाताची सालं निघाली. तुमचे अधिकारी येईपर्यंत झाडं उभी होती, हा माझ्या भावाचा गुन्हा.

भावजयीचा गुन्हा याहून मोठा. साहेब येणार असं कळल्यावर तिने सडलेली लिंबं, पानं, मोडक्या फांद्या उचलून खड्ड्यात पुरल्या. पुराच्या पाण्याची भिंतीवर उठलेली रेघ चुन्याने झाकली. पाहुणा दारात आणि घरात पसारा, हे तिला जन्मात जमलेलं नाही. तुम्ही तिला नुकसान दाखवायला सांगितलं होतं, तिने घर दाखवलं.

आता पलीकडच्या बागेचं ऐका. ती एका शिंप्याची. तो राहतो शहरात, बाग ठेवली आहे हौसेपुरती. तो सवडीने आला तोवर त्याची झाडं पडल्या जागी वाळून सरपण झाली होती. त्याला तुम्ही डिझेलचा पंप दिलात. माझं त्याच्याशी भांडण नाही. सरळ माणूस आहे, माझी पोलकी तोच शिवतो आणि वेळेवर देतो. त्याने तो पंप भावाला वापरायला देऊ केला. पण पावतीवर छापलं आहे, "साहित्य अन्य बागेत आढळल्यास परत घेतले जाईल." म्हणून पंप त्याच्या ओट्यावर खोक्यात बसून आहे. मेलेल्या झाडांना पंप आणि जी जगवता येतील त्यांना घागर, हा हिशेब ज्या डोक्यातून निघाला ते डोकं मला एकदा बघायचं आहे.

मुळं तुटलेल्या झाडाला रोज पाणी लागतं. पंप नसेल तर ही बाग उन्हाळा बघणार नाही. मागणी एवढीच आहे: फेरपाहणी करा आणि पंप द्या.

मी नगरपालिकेच्या पाणीपुरवठा कार्यालयातून, तक्रारींच्या टेबलावरून निवृत्त झाले. "आपल्या पत्राची नोंद घेण्यात आली आहे" हे वाक्य मी आयुष्यभर टाइप केलं आहे. ते मला पाठवू नये. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये एक सिस्टर होत्या. त्या म्हणायच्या, मुदत न घातलेलं पत्र ही प्रार्थना असते आणि प्रार्थनेसाठी चॅपल आहे. तेव्हा ३१ ऑक्टोबरपर्यंत लेखी उत्तर मिळावं.

आपली,
लिंबाच्या बागवाल्याची थोरली बहीण

२५ ऑक्टोबर

प्रिय ताई,

तू साहेबांना धाडलेल्या पत्राची नक्कल मिळाली. पोस्टमनने दोनदा विचारलं, काय आहे हो यात, एवढं जड? मी म्हटलं, बहीण आहे.

हिनेच तुला कळवलं ना? विचारलं तर म्हणाली, वन्संनी विचारलं, मी सांगितलं, खोटं बोलू का? तुमच्या दोघींचं कधी जमतं आणि कधी बिनसतं, ते लग्नाला इतकी वर्षं झाली तरी मला कळलेलं नाही. माझ्याविरुद्ध असलं की जमतं, एवढं दिसतं.

ताई, एक सांगतो, रागावू नकोस. ते साहेब वाईट नव्हते. तरुण आहेत, बूट नवे होते, एवढंच. फाटकातून बघून म्हणाले, "वा! एवढ्या वादळात बाग टिकली, नशीबवान आहात." मला बरं वाटलं गं. हातांना फोड, पाठीचा खुळखुळा झालेला आणि कोणीतरी पहिल्यांदा बागेला "वा" म्हणतंय. तेव्हा मी काय सांगायचं, की नाही हो साहेब, निम्मी लोळत होती? मी म्हटलं, "तुमची कृपा." ही आतून माझ्याकडे अशी बघत होती की चहा आपोआप उकळला असेल.

विहिरीजवळच्या ओळीतल्या ‘मोठ्या ताई’ वाचल्या. तुला माहीत नसेल, त्या शेवटच्या झाडाला आम्ही असं म्हणतो. काटे सगळ्यांत लांब, लिंबं सगळ्यांत आंबट आणि कोणी आधार द्यायला गेलं की ओरबाडतात. उभ्या करताना माझ्या दंडात काटे मोडले, ते हिने सुईने काढले. मान म्हणूनच ठेवलंय हो नाव.

पाण्याचं बघतो मी. घागरीने देतो, व्यायाम होतो. डॉक्टर तरी दुसरं काय सांगतात? तू आता कोणाला लिहू नकोस. आपली झाडं उभी आहेत, पुष्कळ झालं.

तुझा,
धाकटा

३० ऑक्टोबर

वादळग्रस्त मदत कक्ष

विषय: लिंबू बागेच्या नुकसानीबाबत.

महोदया,

आपल्या दि. २१ ऑक्टोबरच्या पत्राची नोंद घेण्यात आली आहे. प्रचलित निकषांनुसार वादळाने उन्मळून पडलेली झाडेच नुकसानीत धरण्यात येतात. उभी झाडे नुकसानीत धरण्याची तरतूद नाही. तथापि आपल्या विनंतीचा सहानुभूतीने विचार करून सोमवार, दि. ११ नोव्हेंबर रोजी फेरपाहणी करण्याचे ठरले आहे. फेरपाहणीत पडलेली झाडे छायाचित्रांसह आढळल्यास पंपाबाबत निर्णय घेण्यात येईल.

कळावे.

१ नोव्हेंबर

धाकट्या,

यांनी "नोंद घेण्यात आली आहे" लिहिलंच. मी वाचून मोठ्याने हसले, शेजारीण बघायला आली. पण पुढचं वाच, सोबत नक्कल जोडली आहे. अकरा तारखेला फेरपाहणी. तुझं "आता कोणाला लिहू नकोस" मी वाचलं आणि बाजूला ठेवलं. माझं आयुष्य पत्रं बाजूला ठेवण्यात गेलं आहे, मला ते छान जमतं.

फोन लागत नाही म्हणून सगळं लिहूनच सांगते. तुमचा फोनचा मनोरा अजून आडवाच आहे म्हणे. त्याचं नुकसान मात्र त्यांना दिसलं असेल, पडलेला आहे ना.

तर ऐक. अंगण झाडायचं नाही. बायकोला सांग, झाडू माळ्यावर टाक आणि शिडी काढून घे. चहा द्यायचा तर कान तुटलेल्या कपात. तिच्या जिवावर येईल, मला माहीत आहे, पण एक दिवस घर जसं आहे तसं राहू दे. पडलेल्या फांद्या असतील तर दिसतील अशा ठेवा. पंप जिथे होता तो रिकामा चौथरा साहेबांना आधी दाखव. दोन खेपा पाणी त्यांच्यासमोर काढ, म्हणजे व्यायाम त्यांनाही कळेल.

आणि तू. तू "तुमची कृपा" म्हणायचं नाहीस. तू लहानपणापासून असाच. मैदानावर तुला कोणी ढकललं तर तूच "लागलं का रे?" विचारायचास. तुझा तो चांगुलपणा पंपात घालून पाणी येत असतं तर मी एक अक्षर लिहिलं नसतं.

हे लक्षात ठेव, आता ही नुसती तुझी बाग राहिलेली नाही. मी वरच्या साहेबांना लिहिलं आहे, त्यांना माझं अक्षर कळलं आहे, त्यांनी माणूस परत पाठवायचं कबूल केलं आहे. तो आला आणि तू हात चोळत गप्प बसलास तर मी तोंडघशी पडेन. माझा शब्द खाली पडू देऊ नकोस.

बाकी त्या झाडाला माझं नाव दिलंस ते मला आवडलेलं नाही. लिंबं किती लागतात ते कळव.

ताई

१४ नोव्हेंबर

प्रिय ताई,

फेरपाहणी झाली. ठीक झाली. तेच साहेब होते. या वेळी आत आले, सगळी बाग फिरले, फोटो काढले. होईल म्हणाले.

तू सांगितल्याप्रमाणे अंगण झाडलं नव्हतं. ही दिवसभर पदराला हात पुसत होती. कप मात्र चांगलाच काढला. म्हणाली, वन्संना काय, त्या इथे नाहीत.

विहिरीजवळच्या ओळीची पानं जरा गळताहेत. पाणी कमी पडत असेल. होईल ठीक. ‘मोठ्या ताई’ ठणठणीत आहेत. लिंबं किती ते मोजली नाहीत, जवळ जाऊ दिलं तर मोजीन.

तू तब्येतीची काळजी घे. मी ठीक आहे.

धाकटा

२७ नोव्हेंबर

वादळग्रस्त मदत कक्ष

महोदया,

दि. ११ नोव्हेंबरच्या फेरपाहणीतील छायाचित्रांची छाननी करण्यात आली. आडव्या झाडांच्या खोडांवर दोरखंडाचे व्रण स्पष्ट दिसून येतात. पहिल्या पाहणीत हीच झाडे उभी असल्याची नोंद आहे. सबब सदर झाडे वादळाने नव्हे तर मदत मिळविण्याच्या हेतूने मानवी हस्तक्षेपाद्वारे पाडण्यात आल्याचे निष्पन्न होते. अर्ज अमान्य करण्यात येत आहे. पुनश्च असा प्रकार आढळल्यास योग्य ती कारवाई करण्यात येईल.

कळावे.

२९ नोव्हेंबर

धाकट्या,

सोबतचं पत्र वाच. मी ते चष्मा पुसून परत वाचलं.

आडवी झाडं कुठून आली? तुझ्याच पत्रात आहे, "आपली झाडं उभी आहेत, पुष्कळ झालं." मग फोटोत आडवी कशी? मदतीसाठी तू स्वतःच्या हाताने झाडं पाडलीस? तू? आणि मला लिहितोस, "ठीक झाली." एवढ्याशा पत्रात इतक्यांदा ठीक लिहिलंस तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

मी तुझ्यासाठी भांडले ते तू खरा होतास म्हणून. माझ्याकडे दुसरं काही हत्यार नव्हतं. मी लिहिलेला प्रत्येक शब्द खरा होता आणि तू त्यांच्या हातात खोटं दिलंस. आता त्या कार्यालयात कोणीतरी माझी पत्रं एकमेकांना वाचून दाखवत असेल. मी असल्या कार्यालयात बसलेली आहे, मला ठाऊक आहे कसे वाचतात.

तुला काही सांगायचं असेल तर सांग. नसेल तर गप्प राहा, ते तुला जमतं.

ताई

३ डिसेंबर

वन्संना सा. न.

हे पत्र मी लिहिते आहे हे यांना माहीत नाही. तुमचं पत्र यांनी वाचलं, घडी घातली, खिशात ठेवलं आणि पानावरून उठले. कालपासून ते पत्र त्या खिशातच आहे. शर्ट धुवायला मागितला तर देत नाहीत. म्हणून म्हटलं, आता आपणच लिहावं.

तुम्ही यांना खोटं म्हणालात. मी तुमचा मान ठेवते, पण हे मी ऐकून घेणार नाही. तुम्ही इथे नव्हता.

साहेब आले ते या वेळी सरळ बागेत शिरले. बूट भरले तरी थांबले नाहीत. विहिरीजवळच्या ओळीत गुडघ्यावर बसले, खोडाशी माती उकरून पाहिली आणि उठून म्हणाले, "दादा, मला दिसतंय हो. ही सगळी पडली होती. पण मला दिसून काय उपयोग? वर फोटो बघतात. कागदावर पडलेली झाडं असा रकाना आहे, पडून उभी केलेली असा नाही."

हे म्हणाले, "मग?"

साहेब जरा इकडेतिकडे बघून म्हणाले, "एक ओळ तासाभरासाठी खाली घ्या. फोटो काढतो, परत उभी करा. मी सांगितलं असं मात्र कुठे बोलू नका, माझी नोकरी जाईल."

हे म्हणाले, "साहेब, झाड म्हणजे काय खाट आहे? लागेल तेव्हा आडवी करायची, लागेल तेव्हा उभी करायची?"

साहेबांची मान खाली गेली. मग हळूच म्हणाले, "पंप हवाय ना, दादा?"

त्यांच्या बोलण्यात खोट नव्हती, वन्सं. पोराला खरंच वाटत होतं की आपण यांचं भलं करतोय.

हे विहिरीच्या काठावर बसले. तुमचं एक तारखेचं पत्र काढून वाचलं. मी म्हटलं, "नका हो करू, घागरीने देऊ आपण पाणी." तर म्हणाले, "ताईने एवढं भांडून माणूस इथवर आणलाय. आता मी नाही म्हटलं तर ती तोंडघशी पडेल. तिने लिहिलंय तसं." आणि उठून ताण सोडायला लागले.

नवी मुळं फुटली होती. पांढरी, दोऱ्यासारखी. झाड खाली जाताना ती तुटतात तेव्हा आवाज येतो. शिवण उसवल्यासारखा. मी कानावर हात ठेवले. यांना हात दोराला होते, ठेवता आले नाहीत.

चार झाडं खाली घेतली. शेवटी तुमच्या नावाचं राहिलं. साहेब म्हणाले, "हे एक राहिलं." हे म्हणाले, "तिला आडवं करायची या घरात कोणाची छाती नाही." साहेबांना वाटलं हे माझ्याबद्दल बोलताहेत. मला बघून दोन पावलं मागे सरकले. एवढ्या दुःखात मला हसू फुटलं, काय सांगू.

फोटो झाल्यावर साहेबांनी कोट काढून ठेवला आणि झाडं परत उभी करायला दोर ओढला. खोटं कशाला बोलू? पण झाडांनी मनावर घेतलं होतं. चौथ्या दिवसापासून पानं गळाली. आता चारही झाडांच्या फांद्या वाकवल्या की मोडतात. हे रोज त्यांनाही पाणी घालतात. मी म्हणते, "अहो, गेली ती." तर म्हणतात, "असू दे, तहान लागली असेल."

यांची पाठ धरली आहे. तुम्हाला कळवायचं नाही अशी ताकीद होती. घागरी आता मी ओढते. उरलेल्या बागेला पुरत नाही. विहिरीत पाणी आहे, हातात बळ नाही, अशी गत आहे.

रागवायचं तर माझ्यावर रागवा. मी तेव्हा दोर धरायला हवा होता, कान धरून बसले. पण यांना दुसरं पत्र लिहा, वन्सं. आधीचं खिशातून निघेल असं काहीतरी लिहा.

तुमची,
भावजय

५ डिसेंबर

चि. सौ. भावजयीस,

चार वेळा कागद घेतला. तसं पत्र मला लिहिता येत नाही. शनिवारी पहिल्या बसने स्वतः येते. त्याला सांगू नकोस, नाहीतर स्टँडवर न्यायला येईल त्या पाठीने.

चांगला कप काढ.

वन्सं

११ डिसेंबर

प्रति,
प्रमुख, वादळग्रस्त मदत कक्ष

महोदय,

मंगळवार, १० डिसेंबर रोजी सकाळी सात वाजता मी शिंप्याच्या ओट्यावरचा, तुमच्या कक्षाने दिलेला, खोक्यात बसून राहिलेला पंप हातगाडीवर घालून माझ्या भावाच्या विहिरीवर आणला आणि चालू केला. शिंपी शहरात होता. त्याला मी विचारलं नाही, माझ्या भावाने मला सांगितलं नाही. भाऊ पाठीला शेक घेत घरात पडून होता. पंपाचा आवाज ऐकून काठी टेकत बाहेर आला आणि "ताई, अगं नियम!" म्हणाला. तुमच्या पावतीचा नियम मोडला आहे तो मी, एकटीने, दिवसाढवळ्या. कळवलं नाही असं तुम्हाला पुढे म्हणता येऊ नये म्हणून हे पत्र.

आता तुमच्या २७ नोव्हेंबरच्या पत्राचं उत्तर.

खोडांवर दोराचे व्रण आहेत. खरं आहे. मी बोट फिरवून पाहिले. जी झाडं कधी खाली घेतलीच नाहीत त्यांच्याही खोडांवर आहेत. माझ्या भावजयीच्या तळहातावर आहेत, भावाच्याही. ते व्रण उभं करण्याचे आहेत. तुमच्या छाननी करणाऱ्यांनी दोर पाहिला आणि ओढणारा माणूस झाड कोणत्या बाजूला नेत होता हे विचारलं नाही.

चार झाडं ११ नोव्हेंबरला खाली घेतली गेली. हेही खरं आहे, मी लपवणार नाही. कोणी सुचवलं ते मी लिहिणार नाही. तुम्ही एखाद्या तरुण माणसाला पुढे करून हात झटकाल आणि तो माणूस या बागेत गुडघ्यावर बसला होता, जे तुमच्यापैकी दुसऱ्या कोणी केलेलं नाही. तुमच्या नियमाने सुचवलं, एवढं पुरे आहे. "फेरपाहणीत पडलेली झाडे छायाचित्रांसह आढळल्यास पंपाबाबत निर्णय घेण्यात येईल", हे वाक्य तुमच्या सहीखाली आहे. उभ्या बागेच्या मालकाला असं पत्र पाठवायचं आणि झाडं आडवी दिसली की त्याला लबाड म्हणायचं! मी तक्रारींच्या टेबलावर पुष्कळ निबरपणा पाहिला, थोडा केलाही, पण इतका सफाईदार नव्हता.

ते वाक्य त्याच्यापर्यंत पोचवणारी मी. "माझा शब्द खाली पडू देऊ नकोस" असं वर लिहिणारीही मी. माझा शब्द राहिला, चार झाडं गेली. ते मी माझ्या भावाशी बोलले आहे. तो "लागलं का तुला?" असं म्हणाला. तो भाग तुमच्या कक्षाचा नाही.

तुमच्या कक्षाचा भाग हा. विहिरीजवळच्या ओळीतली चार झाडं मेली आहेत. उद्या ती पडतील आणि मग तुमच्या रकान्यात बसतील. तेव्हा तुम्ही त्यांच्यासाठी पंप मंजूर कराल, अशी मला भीती वाटते. त्या ओळीतलं पाचवं झाड उभं आहे. ते काल पाणी प्यालं. बागेतल्या बाकीच्या उभ्या केलेल्या झाडांना बारीक, तांबूस पालवी फुटू लागली आहे. ती टिकली तर बाग टिकली. ती टिकायला हा पंप इथेच, याच विहिरीवर लागतो. कोरडा वारा सुटायला फार अवकाश नाही आणि झाडांना मुदतवाढ मागता येत नाही.

म्हणून एकच प्रश्न विचारते. वादळाने झाड पाडलं आणि माणसाने ते परत उभं केलं, तर ते झाड पडलं होतं की नव्हतं? उत्तर "होतं" असेल तर माझ्या भावावरचा लबाडीचा ठपका लेखी मागे घ्या, "उभी केलेली झाडे" असा रकाना तुमच्या कागदावर घाला आणि पंप त्याच्या नावावर करा. शिंप्याची हरकत नाही, त्याचं सरपण पाण्यावाचून छान जळतं. उत्तर "नव्हतं" असेल तर तेही लिहा, सहीनिशी, म्हणजे मला ते या बागेच्या फाटकावर लावता येईल.

पंप परत न्यायला माणसं पाठवायची असतील तर दिवसा पाठवा. ती आली तर भावजय त्यांना चहा देईल, तिचा इलाज नाही. मी देणार नाही. मी विहिरीजवळ, पाचव्या झाडाखाली खुर्ची टाकून बसलेली असते. झाडाचे काटे लांब आहेत, येणाऱ्यांनी बेताने यावं.

"नोंद घेण्यात आली आहे" हे उत्तर धरलं जाणार नाही. शुक्रवार, २० डिसेंबर, सायंकाळी पाच वाजेपर्यंत लेखी उत्तर, याच पत्त्यावर.

‘मोठ्या ताई’